साडेचारच्या खालचं दूध

"मॅडम, मागे ढग टाका," टिपणीस म्हणाला.

"कुठं?"

"आलेखाच्या मागे. निळं आभाळ, पांढरे ढग. सगळं तयार आहे त्यात. तिथं क्लिक करा. नाही, तिथं नाही, तिथं."

मी क्लिक केलं आणि तालुक्यातल्या बारा दूधसंस्थांच्या मागे आभाळ उगवलं. बारा संस्थांचे बारा खांब, बारा रंगांचे. प्रत्येकाला जाडी, प्रत्येकाची सावली. दाखवायची होती दुधाची फॅट, पण पडद्यावर एखाद्या नव्या पैसेवाल्याच्या बंगल्याचं फाटक उभं राहिलं होतं.

"कसं वाटतंय?"

"छान," मी म्हणाले. आणि मला ते खरोखरच छान वाटत होतं, हे आज पंचाहत्तरीत कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा मला बावन्नावं चालू होतं. दूध संघाच्या आकडेवारी विभागात माझी बावीस वर्षं झाली होती. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट. दर महिन्याला गावोगावच्या संस्थांकडून फॅटचे आकडे येत, गाईच्या दुधाचे वेगळे आणि म्हशीच्या दुधाचे वेगळे. ते मी आलेखाच्या कागदावर चढवत असे. गाईची रेघ निळी, म्हशीची काळी. रेघ संपते तिथंच तिच्या शेजारी गावाचं नाव. रंग दोनच, कारण कचेरीत दौती दोनच होत्या. पण आमचा शिपाई बंडा चहाचा कप ठेवता ठेवता त्या कागदाकडे बघून म्हणायचा, "नांगरतळच्या म्हशी व्यायल्या वाटतं, बाई." म्हशी व्यायल्या की सुरुवातीला फॅट उतरते. बंडा चौथी नापास होता.

मग संघात संगणक आला आणि संगणकाबरोबर पुण्याहून हेरंब टिपणीस आला. हुद्दा संगणक अधिकारी, वय तीस, गळ्यात टाय. एप्रिल महिन्यातसुद्धा टाय. माझे कागद पाहून तो म्हणाला, "हे काय, कुणाचा ईसीजी काढलाय?" संचालक मंडळ तीन दिवस त्या विनोदावर हसत होतं. संगणकाची खोली थंड होती आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे. आमच्या गावच्या देवळातसुद्धा पुजारी एवढा कडक नव्हता.

टिपणीसनं मला आठवड्याभरात संगणकावर आलेख काढायला शिकवलं. शिकवताना तो मला 'मॅडम' म्हणू लागला. बावीस वर्षं मी 'बाई' होते, किंवा नुसतीच 'अहो'. त्या एका शब्दासाठी मी बारा खांबांना बाराच काय, चोवीस रंग दिले असते.

"पण हा हिरवा आणि हा हिरवा, यात लोकांना कळेल का कुठलं गाव कुठलं?" मी विचारलं.

"बाजूला चौकट आहे ना. रंगापुढे नाव."

"म्हणजे आधी खांब बघायचा, मग चौकटीत रंग शोधायचा, मग पुन्हा खांब शोधायचा?"

"मॅडम, लोकांना जरा डोकं चालवू द्या."

मग त्याची नजर आलेखाच्या तळाकडे गेली. तिथं शून्य होतं.

"हे काही खरं नाही. सगळे खांब सारखेच दिसतायत. फरक ठसठशीत दिसला पाहिजे. हा खालचा सगळा भाग बोअर आहे, कापून टाकू." त्यानं शून्याच्या जागी साडेचार लिहिलं.

क्षणात अकरा खांब ताडमाड झाले. बाराव्याचा खांब राहिलाच नाही, उंबरा झाला. ती तांबजाईवाडी होती.

तांबजाईवाडीची संस्था फक्त बायकांची होती. सेक्रेटरी हिराक्का लवटे, पंचावन्नची असेल. नऊ वर्षं ती संस्था चालवत होती, पहाटे पाचला माप हातात घेऊन. तीन वर्षांपूर्वी एका योजनेतून वाडीतल्या बायकांनी गाई घेतल्या. तेव्हापासून वाडीचं चारातलं तीन हिस्से दूध गाईचं. गाईच्या दुधाला फॅट कमी, चारच्या आसपास. म्हशीच्या दुधाला जास्त, सहाच्या वर, सातपर्यंत. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली की वाडीची यायची चार पॉइंट आठ. बाकीच्या गावांची पाचच्या वर. संघाच्या फळ्यावर दर महिन्याला फक्त ही सरासरी लागायची, आणि ती वाचून लोकांनी वाडीला नाव ठेवलं होतं, पाणवाडी.

"टिपणीससाहेब," मी म्हटलं, "गाई-म्हशींचं वेगवेगळं दाखवू या का? मी कागदावर तसंच करत होते."

"चेअरमनसाहेबांचा निरोप आहे. भेदभाव नको. सगळं दूध पांढरंच."

दुपारी चेअरमन बापूसाहेब मगदूम स्वतः आलेख बघायला आले. त्यांना चपला काढायला कुणी सांगितलं नाही.

"आमची माळबाग कुठाय?"

"हा सोनेरी खांब, साहेब. सगळ्यात उंच. पाच पॉइंट सात," टिपणीस म्हणाला.

"वा! सोनेरी कुणी केला?"

"मॅडमनी."

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांच्या गावची संस्था त्यांचा मेहुणा चालवत असे. मग त्यांचं बोट खाली उतरलं. "आणि ही ठेंगणी कोण?"

"तांबजाईवाडी."

"हिराक्काची व्हय? झकास. उद्याच्या सभेत हेच दाखवायचं. ढगासकट." ते खुर्चीत रेलले. "ठराव तयार हाय. वाडीची संस्था बंद करायची आणि दूध माळबागेच्या संस्थेला जोडायचं. बायाबापड्यांना पहाटंचा तरास कशाला? आणि गुंजाळबाई, आलेखाखाली तुमचं नाव घाला. मोठ्या अक्षरात."

गेल्या निवडणुकीत वाडीनं बापूसाहेबांच्या पॅनेलला एकही मत दिलं नव्हतं. हे कुठल्याही आलेखात नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं.

मी काय केलं? मी नाव घातलं. मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मार्केट यार्डाच्या हॉलमध्ये वार्षिक सभा भरली. पाचशे माणूस. संघानं पहिल्यांदाच प्रोजेक्टर आणला होता, म्हणून खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. आत पंखे गरम हवा ढवळत होते. पुढच्या दोन रांगांत संचालक, मागे गावोगावचे सेक्रेटरी, आणि डाव्या भिंतीशी तांबजाईवाडीच्या अठरा-वीस बायका, टेम्पोतून आलेल्या. हिराक्का कडेला बसली होती, पदर डोक्यावर, पायाशी पिशवी. मी व्यासपीठाच्या बाजूला संगणकापुढे, नव्या साडीत.

आभाळ पडद्यावर आलं तेव्हा पाचशे माणसांनी "आ" केला. ते बघून मला जे वाटलं ते माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

"मंडळी," बापूसाहेब माइकवर म्हणाले, "आता आकडं वाचायचं दिवस गेलं. आता नुसतं बघायचं. हा सोन्याचा खांब कुणाचा?"

"माळबाग!" पुढच्या रांगा ओरडल्या. टाळ्या झाल्या.

"आणि ही खाली कांडी पडलीया, ती कुणाची?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पाणवाडी!"

हॉल हसला. पुष्कळ वेळ हसला. वाडीच्या बायका खाली बघत होत्या. एका पोरसवदा मुलीनं तोंडाला पदर लावला.

"मी कुणाला चोर म्हणत न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "मी फक्त बघा म्हणतो. मशीन खोटं बोलत न्हाई. म्हणून ठराव मांडतो की तांबजाईवाडी महिला संस्था..."

"थांबा जरा, चेअरमन."

हिराक्का उभी राहिली होती. तिला माइक कुणी दिला नाही आणि तिला तो लागतही नव्हता.

"ती बुटकी कांडी आमची व्हय?"

"तुमचीच की, अक्का. दुसऱ्या कुणाची असंल?"

"आनि सोन्याचा खांब तुमचा. मोजून बगितलं, आमच्या चौपट हाय. मंग आमची फॅट किती आनि तुमची किती?"

बापूसाहेबांनी टिपणीसकडे पाहिलं. टिपणीस म्हणाला, "त्यांची चार पॉइंट आठ, आपली पाच पॉइंट सात."

"दोन-तीन आनं इकडं-तिकडं म्हना की रुपयाला. मंग खांब चौपट कसा झाला?"

"ते ग्राफिक असतं, मावशी," टिपणीस म्हणाला.

"मावशी तुज्या आईला बहीन असंल तर ती. मला सांग, त्या खांबाच्या बुडाला काय लिवलंय? मला अक्षर येतंय बरं का."

"साडेचार."

"म्हंजी माप साडेचारपासनं धरलंय?" हिराक्का सभेकडे वळली. "आमच्या डेरीत माप तळापासनं भरतंय बाबा. ह्यांच्या मापात तळच न्हाई. मंग मला येवढंच सांगा, साडेचारच्या खालचं दूध कोन प्यालं?"

अख्खा हॉल पुन्हा हसला, पण ते हसू आता दुसऱ्या दिशेला वाहत होतं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा संचालक तर खोकला येईपर्यंत हसला.

बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आलेख गुंजाळबाईंनी काढलाय. खाली नाव हाय बघा, मोठ्या अक्षरात. त्याच सांगतील. बाई, आलेख बरोबर हाय का न्हाई?"

पाचशे माणसांनी आधी माझं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. टिपणीस दातांतल्या दातांत म्हणाला, "हो म्हणा, मॅडम. विषय संपवा."

आकडे बरोबरच होते. मी 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. वाडीची संस्था दुपारच्या जेवणाआधी बंद झाली असती, आणि मी मॅडम राहिले असते.

मी साडेचार खोडून तिथं शून्य लिहिलं.

पडद्यावर बाराही खांब एकदम खाली मुळापर्यंत पोचले. वाडीचा खांब उंबऱ्यावरून उठून शेजाऱ्यांच्या खांद्याला लागला. थोडा बुटका, पण रांगेतला. सोनेरी खांब आता जेमतेम बोटभर उंच दिसत होता.

 बापूसाहेब मात्र बापूसाहेब होते.

"बघा!" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "सगळे कसे खांद्याला खांदा लावून उभे हायत! हा आपला संघ! म्हणूनच म्हणतो, वाडी काय आणि माळबाग काय, एकच. मग संस्था तरी दोन कशाला? ठराव मंजूर म्हणायचा का?"

पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. मी शून्य लिहून काही मिळवलं होतं असं मला अर्धा मिनिट वाटलं, तेवढंच.

"अजून बुटकीच हाय की आमची," हिराक्का म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "बाई, आमच्या चार घागरींतल्या तीन गाईच्या. माळबागंत गाय औषधाला न्हाई. गाईचं आनि म्हशीचं एकाच खांबात वतलंय तुमी. तेवढं येगळं करून दावा."

"ते आता शक्य नाही," टिपणीस म्हणाला.

शक्य होतं. दोन्ही आकडे शेजारच्याच पानावर होते. दोन क्लिक. मी पहिलं केलं, आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली," टिपणीस म्हणाला. त्याच्या हातात प्रोजेक्टरची वायर होती.

डोक्यावरचे सगळे पंखे फिरत होते. माइकसुद्धा चालू होता, कारण बापूसाहेबांचं "सभेला उशीर होतोय" हे वाक्य बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

मी उठले. का उठले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. धाडस वगैरे नव्हतं. मला वाटतं, बावीस वर्षांचं काम त्या काळ्या पडद्यामागे राहिलं, याचा राग आला. मी व्यासपीठावर चढले आणि पडद्यासमोर उभी राहिले.

"फक्त म्हशीचं दूध," मी म्हणाले. "वर्षाची सरासरी. सगळ्यात जास्त ते आधी, कमी ते नंतर."

"बाई, खाली बसा," बापूसाहेब म्हणाले.

"भैरूवाडी, सात. तांबजाईवाडी, सहा पॉइंट नऊ."

वाडीच्या बायकांत हालचाल झाली. हिराक्का तशीच उभी होती.

"जांभूळमळा, सहा पॉइंट आठ. खडकओढा, तेवढंच. नांगरतळ, सहा पॉइंट सात."

कागद नव्हता, पडदा नव्हता. पण दर महिन्याला हातानं चढवलेली रेघ माणूस विसरत नाही. मी डोळे मिटले असते तरी ती दिसली असती. गावं एकेक करून घेत गेले, आणि सभेतले लोक बोटं दुमडत मोजू लागले. आठवं झालं, नववं झालं. दहावं सहा पॉइंट चार. अकरावं सहा पॉइंट तीन. आपापलं गाव आलं की लोक सुस्कारा सोडत आणि उरलेल्यांकडे बघू लागत. अकरावं नाव घेतल्यावर मी थांबले. एकच गाव उरलं होतं, आणि ते कुठलं हे मी सांगायच्या आधीच सगळ्या माना बापूसाहेबांच्या मेहुण्याकडे वळल्या; तो पुढे संचालकांच्या रांगेत बसला होता.

"माळबाग," मी म्हणाले. "पाच पॉइंट सात."

हाच आकडा. ज्याला अर्ध्या तासापूर्वी टाळ्या मिळाल्या होत्या तोच. सगळ्यात उंच सोनेरी खांब नुसत्या म्हशीच्या दुधाचा होता, आणि नुसत्या म्हशीच्या दुधात तो तालुक्यातला सगळ्यात ठेंगणा होता.

म्हशीचं दूध सहाच्या आत आलं की परत पाठवायचं, असा संघाचा नियम होता. मागच्या उन्हाळ्यात वाडीची एक किटली पाच पॉइंट नऊ म्हणून परत गेली होती. हे हिराक्कानं सांगायची गरज पडली नाही. भैरूवाडीचा सेक्रेटरीच उठला आणि ओरडला, "चेअरमन, तुमच्या म्हशी पानी जास्त पित्यात का तुमचं मेहुणं जास्त पाजत्यात?"

मग जे झालं त्याला इतिवृत्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा' असं लिहिलं आहे. दोन खुर्च्या मोडल्या. ठराव मतालाच टाकला नाही. वाडीची संस्था राहिली.

बापूसाहेबही राहिले. पुढच्या निवडणुकीत पुन्हा चेअरमन झाले. टिपणीसला बढती मिळाली आणि माझी बदली शीतगृहात झाली, बर्फाच्या लाद्या मोजायला. तिथं कुणी मॅडम म्हणत नसे. आलेखाचे कागद मी बरोबर नेले नाहीत. नंतर कळलं की ते बंडानं कपाटाच्या खणांत अंथरले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सभा उधळल्यावर मी बाहेर आले तेव्हा, खरं सांगायचं तर, माझी छाती फुगली होती. फाटकाशी वाडीच्या बायका टेम्पोत चढत होत्या. एकीनं माझ्या पायाला हात लावला. हिराक्का सगळ्यांना वर चढवून शेवटी मागे उरली होती. मी तिच्याकडे गेले. ती काहीतरी चांगलं बोलेल अशी माझी अपेक्षा होती, आणि मी ती लपवलीही नसावी.

तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"बाई, ते समदं पाठ हुतं तुला?"

"हो. बावीस वर्षांचं."

"गाई आल्यापासनं तीन वरसं झाली. तीन वरसांचंबी पाठ हुतं?"

"हो."

"म्हंजी आमी पानी घालत न्हाई, हे तुला ठावं हुतं. माळबागंचंबी ठावं हुतं."

 मी हसण्यावारी न्यावं म्हणून म्हटलं, "काय करणार, अक्का. मला कुणी विचारलंच नाही."

हिराक्का हसली नाही. तिनं पिशवी टेम्पोत टाकली, फळीला हात धरला आणि वर चढली. बसल्यावर शेजारच्या त्या पोरसवदा मुलीच्या डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"हिचं ठरल्यालं लगीन दोनदा मोडलं गं," ती मला म्हणाली. "पानवाडीची म्हनून."